अकरावा महिना

आमच्या इमारतीत तीन घरी पोळ्या करायला येणाऱ्या ताईंकडे एक वही आहे. मुलीने शाळेत निम्मी वापरून सोडलेली ती दोनशे पानी वही त्या मागच्या बाजूने हिशेबाला वापरतात. डावीकडे तारीख, मधे तपशील, उजवीकडे रक्कम, असा त्यांचा शिरस्ता आहे. एका पानावर मात्र २०२४ च्या ऑगस्टपासून नुसत्या तारखा आहेत, रक्कम कुठेच लिहिलेली नाही. मी कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "रक्कम काय, ठाऊकच आहे. लाडक्या बहिणीचे दीड हजार. कधी आले तेवढंच लिहून ठेवते. घरमालकाला सांगायला बरं पडतं."

घरमालकाला सांगायला बरे पडते, हे वाक्य पुढे कित्येक दिवस माझ्या डोक्यातून जाईना. मी एकतीस वर्षे एका बँकेत नोकरी केली. त्यातली शेवटची नऊ वर्षे पूर्व उपनगरातल्या शाखेत, काउंटरवर गेली. सरकारी अनुदानाचा पैसा खात्यात येतो कसा, अडतो कुठे आणि निघतो कसा, हे मी रोज पाहत होते. पण तो पैसा पुढे कोणत्या घराच्या उंबऱ्याशी जाऊन थांबतो, याचा विचार नोकरीच्या धबडग्यात कधी नीट केला नव्हता. तो विचार या वहीमुळे सुरू झाला आणि माझ्या आजवरच्या काही समजुती त्याने बदलल्या.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून लागू झाली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या, २१ ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रीच्या आधारशी जोडलेल्या खात्यात दरमहा १,५०० रुपये, असे तिचे स्वरूप आहे. राखीपौर्णिमेच्या सुमारास पहिल्या दोन महिन्यांचे मिळून ३,००० रुपये जमा झाले. तेव्हापासून या योजनेबद्दल जितके बोलले गेले आहे, त्यातले बहुतेक मतांबद्दल आणि तिजोरीबद्दल आहे. राहिलेले बोलणे "दीड हजारात होतंय काय?" या प्रश्नापाशी संपते. मुंबईत घरभाड्याच्या संदर्भात तर हा प्रश्न बिनतोड वाटतो. सात हजार भाड्याच्या खोलीला दीड हजाराने काय आधार मिळणार, असे मलाही वाटत होते. ताईंची वही वाचली नसती, तर आजही वाटले असते.

त्यांची खोली भांडुप पश्चिमेला टेकडीच्या उतारावर आहे. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, कोपऱ्यात मोरी, लोखंडी शिडीने चढायचा पोटमाळा, आणि शौचालय सार्वजनिक, पन्नास पावले खाली. घरात नवरा, दोन मुले आणि त्या. नवरा रंगारी आहे. दिवाळीच्या आधी त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि पावसाळ्यात आठवड्यातून एखादा दिवस काम मिळाले तरी खूप. वर्षाची एकूण कमाई बारा महिन्यांत सारखी वाटली, तर हे कुटुंब भाडे भरून नीट जगू शकते. पण कमाई वर्षाची येत नाही, ती आठवड्याची येते, आणि भाडे दर महिन्याच्या दहा तारखेला द्यावे लागते. जून ते सप्टेंबर हे चार महिने त्यांच्या घरात दर वर्षी परीक्षेसारखे येतात. त्यातच शाळा सुरू होते, वह्या-पुस्तके, रेनकोट, एखादे आजारपण.

२०१८ ते २०२४ या सहा वर्षांत त्यांनी पाच खोल्या बदलल्या. चार त्याच टेकडीवर, एक ठाण्यापलीकडे दिवा गावाला. दिव्याला गेल्या त्या वर्षी सकाळची गाडी साधेना, म्हणून कामाची दोन घरे सुटली आणि मुलगी आजीकडे ठेवावी लागली. खोली बदलण्याचे कारण भाडे थकणे हे फक्त दोनदा होते. बाकी तीनदा करार संपला आणि मालकाने वाढ मागितली किंवा खोली दुसऱ्याला देऊन टाकली, एवढेच. मुंबईत अकरा महिने हा शब्द भाडेकरूच्या तोंडी ऋतूच्या नावासारखा असतो. "आमचे अकरा महिने कधी भरतात" हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते.

२०२४ च्या जुलैमध्ये, म्हणजे योजनेचा पहिला पैसा हातात पडण्याच्या महिनाभर आधी, त्या सध्याच्या खोलीत आल्या. त्या बदलाचा हिशेब वहीत आहे आणि तो मी त्यांच्या परवानगीने उतरून घेतला. दलालाला एक महिन्याचे भाडे, ७,००० रुपये. टेम्पो आणि दोन माणसे, २,५०० रुपये. जुन्या मालकाने डिपॉझिटमधून रंगकामाचे कापून घेतलेले ३,००० रुपये. घरात रंगारी असताना रंगाचे पैसे का कापले, असे मी विचारले. "त्यांनी सांगितलं होतं मी रंगवून देतो म्हणून, पण त्यांना पैसेच पाहिजे होते," एवढेच उत्तर मिळाले. हे झाले साडेबारा हजार, आणि यातला एक रुपयाही राहण्यासाठी खर्च झाला नाही, सगळा फक्त हलण्यासाठी गेला.

पण वहीतली सर्वांत जड ओळ वेगळीच आहे. नव्या खोलीचे डिपॉझिट चाळीस हजार, ते चावी मिळण्याआधी द्यायचे, आणि जुन्या खोलीचे डिपॉझिट ती रिकामी केल्यावर, मालकाच्या सवडीने मिळायचे. मधे अठरा दिवस गेले. या अठरा दिवसांसाठी मंगळसूत्र आणि कानातले गहाण पडले आणि वर दहा हजार शेकडा पाच व्याजाने उचलले. ही अडचण गरिबीची आहे असे आपण सहज म्हणतो, पण नीट पाहिले तर ती वेळेची आहे. पैसा त्यांचाच होता, फक्त तो दुसऱ्याच्या कपाटात होता. बँकेत मोठ्या व्यापाऱ्याला नेमक्या याच अडचणीसाठी आम्ही ओव्हरड्राफ्ट देत असू, आणि तोही फारसे प्रश्न न विचारता.

पुढे २०२५ च्या मे महिन्यात अकरा महिने भरले, आणि मालकाने भाड्यात पाचशेची वाढ आणि डिपॉझिटमध्ये दहा हजार जास्त मागितले. पावसाळा तोंडावर होता. याआधीच्या प्रत्येक वेळी अशा मागणीला एकच उत्तर होते, ते म्हणजे टेम्पो. या वेळी मात्र ताई वही घेऊन मालकाकडे गेल्या. दीड हजारातले हजार रुपये त्या दरमहा भिशीत टाकत होत्या आणि त्यांचा नंबर त्याच महिन्यात लागला होता, म्हणून डिपॉझिटचे दहा हजार हातात होते. वाढीव पाचशे रुपयांबद्दल त्यांनी तारखांचे पान उघडून दाखवले आणि सांगितले, की यांना पावसात काम नसले तरी एवढे तर येतातच. मालक राजी झाला. अकरा महिन्यांची वाढ साडेपाच हजार होते आणि हलण्याचा खर्च साडेबारा हजार होता. हे गणित त्यांना आधीही येत होतेच. ते अमलात आणता येईल एवढा आधार मात्र पहिल्यांदाच हाताशी होता.

म्हणून माझे मत आता असे आहे, की दीड हजार रुपये मुंबईत भाडे भरायला पुरत नाहीत, पण घर हलण्यापासून वाचवायला कधी कधी पुरतात, आणि या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. घर टिकणे हे सरासरी महिन्यावर ठरत नाही. ते वर्षातल्या एका वाईट महिन्यावर ठरते. त्या एका महिन्यात हातात थोडा, पण नक्की येणारा पैसा असेल, तर पुढचे अकरा महिने माणूस एका जागी राहतो.

जगात इतरत्र या गोष्टीची नीट मोजदाद झालेली आहे. शिकागो शहरात भाडे थकून बेघर होण्याच्या बेतात असलेल्या लोकांसाठी एक दूरध्वनी सेवा होती. एकदाच, थोड्या रकमेची मदत तिथून मिळे, पण निधी कधी शिल्लक असे, कधी संपलेला असे, आणि फोन करणाऱ्याला ते आधी कळण्याचा मार्ग नव्हता. त्यामुळे निधी असताना फोन केलेले आणि नसताना फोन केलेले, अशी दोन सारख्या परिस्थितीतली माणसे आपोआप तुलनेला मिळाली. २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की निधी असताना फोन केलेल्यांचे निवारागृहात जाण्याचे प्रमाण पुढच्या सहा महिन्यांत ७६ टक्क्यांनी कमी होते. शिकागो आणि भांडुप यांत हवा, कायदा, पगार सगळेच वेगळे आहे, पण एका वाईट महिन्याची किंमत दोन्हीकडे सारखीच मोठी आहे.

पैसा एकदम द्यावा की दरमहा, हाही प्रश्न यात आहे. केनियात खेड्यातल्या गरीब कुटुंबांना थेट रोख रक्कम देऊन झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, दरमहा पैसे मिळालेल्यांच्या घरी जेवणाची स्थिती अधिक सुधारली आणि एकरकमी मिळालेल्यांनी तो पैसा टिकाऊ वस्तूंवर अधिक खर्च केला. गवताच्या छपराच्या जागी पत्रा आलेली कितीतरी घरे त्यात होती. आपल्याकडे मध्य प्रदेशात स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांच्या 'सेवा' संघटनेने २०११-१२ मध्ये काही गावांतल्या प्रत्येक माणसाला दरमहा छोटी रक्कम देऊन पाहिली, तेव्हाही घराच्या भिंती, छप्पर आणि शौचालय यांवर खर्च झालेला दिसला. खेड्यात जागा स्वतःची असते, म्हणून पैसा भिंतीत जातो. मुंबईत भिंत दुसऱ्याची असते, म्हणून तो डिपॉझिटात जातो. ताईंनी भिशी लावून दरमहाच्या पैशाचा एकरकमी पैसा केला, म्हणजे योजनेने जे केले नव्हते ते त्यांनी स्वतः करून घेतले.

इथे मला माझ्या आईची आठवण येते आणि ती या विषयाला सोडून नाही. आम्ही लालबागच्या चाळीत वाढलो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांत माझे वडील होते. मी तेव्हा शाळेत होते. गिरणीचा पगार थांबला तो पुन्हा कधी सुरू झालाच नाही. आईची खानावळ आधीपासून होती. गावाकडून आलेले, बायकामुले गावी ठेवून राहणारे कामगार आमच्याकडे दोन वेळा जेवत. संपात त्यांचेच पैसे थांबले, तरी आईने ताट थांबवले नाही. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने खानावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले होते. आईच्या ट्रंकेत त्या कर्जाचे कागद होते, आणि मी पुढे बँकेत जावे असे तिला का वाटत होते, ते मला त्या कागदांमुळे समजते.

पण आज मागे वळून पाहिले की वेगळेच एक जाणवते. दीड वर्षाहून अधिक काळ घरात पगार नव्हता, आईचे सोने गेले, आम्ही भावंडे सकाळचा चहा आणि रात्रीचा भात यांवर राहिलो, पण खोली गेली नाही. खोलीचे भाडे एकवीस रुपये होते. मुंबईच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली होती आणि घरमालकाला भाडेकरू सहजासहजी काढता येत नव्हता. भाडेपावत्या वडिलांनी एका बिस्किटांच्या डब्यात जपल्या होत्या. त्या संपातल्या महिन्यांत घरात एवढीच एक गोष्ट होती, जिला कोणी हात लावू शकत नव्हते. संपात मोडलेल्या कितीतरी कुटुंबांना मुंबईत तग धरता आला तो या पावत्यांमुळे. त्याची किंमतही शहराने मोजली. भाडे येईना म्हणून मालकांनी दुरुस्ती सोडली, गॅलऱ्यांना लाकडी टेकू लागले, आणि १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी वेगळे मंडळ नेमावे लागले. आमच्या मजल्यावरच्या सज्जाचा टेकू मी जन्मापासून पाहिला. तरीही पैसा बंद असताना घर कायद्यावर उभे राहू शकते, हे मी प्रत्यक्ष पाहिलेले आहे.

ताईंच्या वाट्याला ती पावती कधी आली नाही. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आल्यापासून नव्या भाड्याच्या घरांचा व्यवहार मुख्यतः लिव्ह अँड लायसन्सवर चालतो. मुदत संपली की जागा सोडायची, न सोडल्यास दुप्पट शुल्काची टांगती तलवार. त्याच कायद्याचे कलम ५५ मात्र सांगते, की करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. टेकडीवरच्या एकाही भाडेकरूकडे मी नोंदणीकृत करार पाहिला नाही. नोटरीचा शिक्का मारलेला एक कागद असतो आणि तोही बहुतेकदा मालकाकडेच असतो. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहतात. त्यांतल्या भाडेकरूंना, म्हणजे मालकाच्या झोपडीत भाड्याने राहणाऱ्यांना, पुनर्वसनात घर मिळणे अवघड जाते, कारण नियमाने पात्रता प्रत्यक्ष राहणाऱ्याची असली, तरी राहण्याचे कागद त्यांच्याकडे नसतात. आधाराला कायदा नाही, पावती नाही. उरतो तो महिन्याचा पैसा, आणि म्हणून तो इतका मोलाचा ठरतो.

पैशाची तारीख किती महत्त्वाची असते, हे मला माझ्या मावसबहिणीच्या घरी सर्वांत जवळून पाहायला मिळाले. तिची झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत गेली. इमारत उभी राहीपर्यंत बाहेर भाड्याने राहण्यासाठी विकासकाने दरमहा बारा हजार द्यायचे ठरले. पहिल्या अकरा महिन्यांचे धनादेश एकदम मिळाले, तेव्हा ती खूश होती. जवळच तिने चांगली खोली घेतली, मुलाची शाळा बदलावी लागली नाही. दुसऱ्या वर्षी धनादेश चार महिने उशिरा आले. तिसऱ्या वर्षी आलेच नाहीत. पुढच्या चार वर्षांत ती चार घरांत राहिली आणि शेवटी बदलापूरला गेली. मुलाने अकरावी सोडली. ज्या माणसाला कागदावर तीनशे चौरस फुटांच्या पक्क्या घराचा हक्क आहे, तोच माणूस त्या हक्काची वाट पाहताना बेघर होत जातो, हे मुंबईतल्या हजारो कुटुंबांचे वास्तव आहे. थकीत भाड्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २०२३ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने विकासकांना दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करण्याची आणि पुढच्या वर्षाचे धनादेश देण्याची अट घातली. हा नियम आधी दहा वर्षे आला असता, तर माझा भाचा आज काय करत असता, हा विचार मला सोडत नाही.

घर देणे हा रोख रकमेला पर्याय आहे, असे अनेकांना मनापासून वाटते, आणि तत्त्वतः मलाही ते मान्य आहे. पण घर कुठे देणार, यावर सगळे अवलंबून आहे. अहमदाबादमध्ये १९८७ मध्ये विडी कामगार स्त्रियांना सोडतीने शहराबाहेर, सुमारे बारा किलोमीटरवर घरे मिळाली. चौदा वर्षांनी संशोधकांनी पाहिले, तर सोडत जिंकलेल्यांपैकी ३४ टक्के तिकडे कधी गेल्याच नव्हत्या आणि ३२ टक्के जाऊन परत आल्या होत्या. शेजार, काम आणि अडीअडचणीला धावून येणारी माणसे मागे राहतात, म्हणून घर असूनही टिकता येत नाही. मुंबईत माहुलचे उदाहरण आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून तिथल्या कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या माहुलमध्ये पाठवले गेले. तिथल्या हवेबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच धोक्याचा निर्वाळा दिला होता. या कुटुंबांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आदेश दिला, की त्यांना दुसरीकडे राहता यावे म्हणून दरमहा १५,००० रुपये भाडे आणि वर ४५,००० रुपये डिपॉझिट द्यावे. मला त्या आदेशातली डिपॉझिटची ओळ फार महत्त्वाची वाटते. मुंबईत घर म्हणजे भाडे अधिक डिपॉझिट, हे टेकडीवरची प्रत्येक बाई जाणते. न्यायालयाने ते आकड्यासह लिहून दिले. मदतीच्या सरकारी योजनांत मात्र डिपॉझिट हा शब्द मला अजून भेटलेला नाही.

योजनेचा पैसा आणि घर यांचे नाते दोन्ही बाजूंनी चालते, हे मला २०२४ च्या जुलैत, आमच्या भागातल्या अंगणवाडीत अर्ज भरायला मदत करताना कळले. अधिवासाचा दाखला नसेल, तर पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालत होता. ऐकायला हे सोपे वाटते. पण सहा वर्षांत पाच खोल्या बदललेल्या बाईच्या पत्र्याच्या पेटीतून काय काय हरवते, ते त्या टेबलापाशी बसल्यावर समजते. एकीचे रेशनकार्ड सासरच्या गावी, दुसरीचे पुरात भिजलेले, तिसरीचे जुन्या घरमालकाने अडकवून ठेवलेले. भाडेकरूला पत्ता बदलून हवा असेल, तर मालकाचे संमतिपत्र लागते आणि मालक ते देत नाही, कारण उद्या ही माणसे हक्क सांगतील असे त्याला वाटते. घर न टिकल्यामुळे कागद टिकत नाहीत, कागद नसल्यामुळे पैसा मिळत नाही, आणि पैसा न मिळाल्यामुळे पुन्हा घर टिकत नाही. त्या आठवड्यात मी ज्या बायकांना परत पाठवले, त्या बहुतेक सर्वांत जास्त वेळा घर बदललेल्याच होत्या.

आणि पैसा आल्यावरही तो पूर्ण हातात पडेल याची खात्री नव्हती. पहिला हप्ता आला तेव्हा त्याच टेकडीवरची एक बाई माझ्याकडे पासबुक घेऊन आली. एका बँकेतल्या तिच्या जुन्या खात्यात किमान शिल्लक नव्हती म्हणून कित्येक महिन्यांचा दंड साचलेला होता, आणि ३,००० जमा होताच त्यातले साडेसहाशे वळते झाले होते. अशी कपात करू नये असे शासनाने बँकांना सांगितले होते. मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना फोन केले, अर्ज लिहून दिला, तीन आठवड्यांनी पैसे परत आले. तिला फोन करायला कोणी नसते तर परत आले असते का, याचे उत्तर मला ठाऊक आहे, कारण मी काउंटरच्या आतल्या बाजूला एकतीस वर्षे बसले आहे.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ताईंना मिळालेल्या दीड हजारांपैकी पाचशे सरळ घरमालकाकडे गेले. मालकाने वाढ मागितली ती योजनेमुळे, असे मी म्हणणार नाही, तो दर वर्षी मागतोच. पण जिथे परवडणाऱ्या भाड्याच्या खोल्याच कमी आहेत, तिथे गरिबाच्या हातात आलेला पैसा हळूहळू मालकाच्या हातात जाणार, हे उघड आहे. टेकडीवरच्या मालकांना हप्ता केव्हा जमा होतो हे बायकांइतकेच पक्के माहीत असते. म्हणून रोख मदत ही भाड्याच्या घरांच्या धोरणाची जागा घेऊ शकत नाही. नोंदणी सोपी आणि स्वस्त करून टेकडीपर्यंत न्यावी लागेल, महापालिकेला आणि म्हाडाला विकण्यासाठी नव्हे तर भाड्याने देण्यासाठी लहान खोल्या बांधाव्या लागतील, आणि त्या कामाच्या जागेजवळ असाव्या लागतील. हे व्हायला वर्षे लागतात. तोवर जी मदत चालू आहे, ती घर टिकवण्याच्या दृष्टीने थोडी नीट बसवता येईल.

माझ्या बँकेतल्या अनुभवावरून मला दोन गोष्टी सहज शक्य वाटतात. हप्ता प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेच्या आत आलाच पाहिजे, म्हणजे तो दहा तारखेच्या भाड्याला उपयोगी पडेल. आजवर त्याला ठरलेली तारीख नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये निवडणुकीच्या आधी दोन महिन्यांचे पैसे एकत्र आले आणि पुढचा हप्ता यायला डिसेंबर संपत आला. एकूण रकमेत काही फरक पडला नाही, पण मधल्या दोन भाड्यांच्या तारखांना हात रिकामा होता. दुसरी गोष्ट डिपॉझिटची. दर महिन्याला सरकारकडून पैसा येणारे खाते हे बँकेच्या दृष्टीने चांगले तारण आहे. त्या भरवशावर वीस-पंचवीस हजारांचे, फक्त घर बदलताना मधल्या दिवसांसाठी वापरायचे, कमी व्याजाचे कर्ज सहज देता येईल, आणि जुने डिपॉझिट परत आले की ते फिटेल. आईच्या पिढीत घरी जेवण करून घालणाऱ्या, सही न येणाऱ्या बायकांना बँकांनी कर्ज दिले आणि त्यांनी ते फेडले, हे मी माझ्या घरात पाहिले आहे. अठरा दिवसांसाठी मंगळसूत्र गहाण पडू नये एवढी सोय करणे आज अवघड असू नये.

गेल्या पावसाळ्यात मी ताईंच्या खोलीवर गेले होते. त्या आजारी होत्या, म्हणून डबा घेऊन गेले. पूर्वीच्या खोल्यांत त्यांनी कधी भिंतीत खिळा ठोकला नव्हता, कारण प्रत्येक भोकाचे पैसे डिपॉझिटमधून कापले जात. कपडे पिशव्यांत, पुस्तके पिठाच्या डब्यावर, आरसा खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला, अशी त्यांच्या घराची रीत मला ठाऊक होती. या वेळी पोटमाळ्याच्या शिडीशेजारी भिंतीवर एक फळी होती, दोन लोखंडी ब्रॅकेटांवर, अजून पॉलिश न केलेली. मालकाला विचारले होते, तो म्हणाला होता, "मारा, पण जाताना काढू नका." फळीवर मुलीची नववीची पुस्तके होती आणि खालच्या खिळ्याला कालनिर्णय. मुलगी चौथीनंतर प्रथमच लागोपाठ दोन वर्षे एकाच शाळेत होती.

परवा त्या कामाला आल्या तेव्हा वही बरोबर होती. केवायसी नव्याने करायची आहे, त्यात नवऱ्याचाही आधार लागतो, त्याच्या आधारला जुना मोबाइल नंबर आहे आणि तो नंबर आता बंद आहे, म्हणून काय करायचे ते विचारायला त्या थांबल्या होत्या. आम्ही दोघींनी बसून आधार केंद्राची वेळ पाहिली, लागणारे कागद एका पाकिटात घातले. मग त्यांनी तारखांचे पान उघडून माझ्यापुढे धरले. या महिन्याची ओळ मोकळी होती, आणि त्या दिवशी आठ तारीख होती.